कुणाचीच मावशी नाही

आमच्या मॅडमना कुणी ‘मावशी’ म्हणून हाक मारली की त्या आधी मागे वळून बघायच्या. मागे भिंत असायची. मग शांतपणे पुढे वळून त्या माणसाला सांगायच्या, “तुमची मावशी इथं दिसून नाही राहिली. आली की पाठवते. मी मेट्रन आहे. बोला, काय काम होतं?”

माणूस बिचारा यवतमाळकडून नाहीतर गडचिरोलीकडून पहिल्या गाडीने आलेला. आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, एका हातात एक्स-रेची पिशवी, दुसऱ्या हातात भाकरीचा डबा. त्याने आपुलकीनेच मावशी म्हटलेलं असायचं. आपण चुकलो कुठे हे त्याला कळायचं नाही. मला त्याची दया यायची. मॅडमनाही येत असावी, कारण त्याच्या आईला पलंग त्याच मिळवून द्यायच्या, पण ‘मेट्रन मॅडम’ असं त्याच्याकडून वदवून घेतल्यावर.

धंतोलीत आमचं हॉस्पिटल आहे. हाडांचं. तिथे पाऊल टाकलं की माणसाचा गोतावळा एकदम वाढतो. फरशी पुसणारी मावशी, पेशंटला भांडं लावणारी मावशी, सुई टोचणारी ताई, पावती फाडणारी ताई. पुरुषांच्या बाबतीत मात्र हे घराणं अचानक संपतं. औषधाच्या खिडकीत बसणारा, नुकती मिसरूड फुटलेला मुलगा सर. एक्स-रे काढणारा सर. गर्दीच्या वेळी लिफ्टवाल्यालाही लोक सर म्हणताना मी ऐकलंय. तो खुशाल ओ द्यायचा. आणि चाळीस खाटांचं हॉस्पिटल जिच्या नजरेवर चालायचं, ती बाई मावशी.

हे सगळं मी आता म्हणते आहे. तेव्हा मी नवी होते, नर्सिंग करून नुकती लागलेली, आणि मला मॅडमचं वागणं निव्वळ तोऱ्याचं वाटायचं. आमच्या घरी वडिलांनी सगळी माणसं सारखी हे इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते पाठ झालं होतं. वडील सांगायचे आणि आई मान डोलवायची. आईला कधी कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी एका पेशंटने माझं नाव विचारलं आणि मी सांगून टाकलं. मॅडमनी मला बाजूला घेतलं.

“नाव काहून सांगितलं?”

“त्यांनी विचारलं म्हणून.”

“नाव तुह्या माय-बापानं देल्लं. त्याच्यात तुही काय मेहनत? सिस्टर तू शिकून झाली. ते सांगत जाय.”

मॅडम उंचीने बेताच्या, पण पांढऱ्या साडीला अशी खळ की त्या वळल्या तर साडी जरा उशिरा वळायची. बाकी आम्ही सगळ्या केव्हाच सलवार-कुडत्यावर आलो होतो. त्या आल्या नाहीत. चहा त्या कपबशीतूनच घ्यायच्या. स्टाफला चहा कागदी कपातून यायचा आणि डॉक्टरांना कपबशीतून. मॅडमना कागदी कप आला की त्या तो उचलून चहावाल्याच्या ट्रेमध्ये परत ठेवायच्या आणि ‘कोन्या पेशंटचा राहून गेला वाटते’ म्हणायच्या. महिनाभर त्यांनी चहाच घेतला नाही म्हणे. मग बशी आली. ती आल्यावर त्यांनी तिचा कधी उपयोग केलेला मात्र मी पाहिला नाही. चहा कपानेच प्यायच्या, बशी नुसती शेजारी.

इथपर्यंत गंमत होती. पण मॅडमची ही शिडी वरच्यांसाठीच होती असं नाही, खालच्यांसाठीही तितकीच कडक होती. आयाबायांनी वॉर्डात बसायचं नाही, हा त्यांचा नियम. आमच्याकडे सुशीलाबाई नावाची आया होती. पायाच्या शिरा फुगलेल्या, दिवसभर या पायावरून त्या पायावर भार टाकत उभी. मी एकदा तिच्यासाठी स्टूल ओढलं तर मॅडमनी ते पायानेच मागे सारलं.

मला राग आला. मी म्हटलं, “मॅडम, तुम्हाला स्वतःला मान हवा असतो, मग तिला का नको?”

“तिले नोको असं मी कुठं म्हटलं? तिचा मान मी राखून राहिली. ती बसली तं मले नाही राखता येनार.”

हे मला तेव्हा शुद्ध ढोंग वाटलं. आजही त्यातलं अर्धं वाटतंच. मॅडम देवमाणूस वगैरे नव्हत्या. आयांवर त्या खेकसायच्या, आणि सुशीलाबाई त्यांना बघून पदर सावरायची.

पण मग हाडांच्या सर्जनसाहेबांचा प्रसंग झाला. हे आमचे मोठे सर्जन, हात सोन्याचा आणि जीभ त्याच्या उलट. एकदा राउंडला त्यांच्या बुटाला पाण्याच्या बादलीचा धक्का लागला आणि पँट भिजली. बादली सुशीलाबाईची. त्यांनी तोंड उघडलं आणि ‘अक्कल नावाची चीज’ एवढं म्हणतात तोच मॅडम मधे येऊन उभ्या राहिल्या. साडी मागून आली.

“सर, ही माझ्या हाताखालची बाई आहे. तिले काही बोलाचं असन तर मले बोला. मी तिले बोलन.”

“अहो, पण पँट माझी भिजली!”

“हो ना सर. तर काय बोलाचं होतं ते सांगा. मी लक्षात ठेवते आन् तिले सांगते.”

आता डोळ्यांत डोळे घालून उभ्या राहिलेल्या खळीच्या साडीला ‘अक्कल नावाची चीज’ कसं सांगायचं? सर्जनसाहेब जरा वेळ घुटमळले, मग म्हणाले, “बादली जरा बाजूला ठेवायला सांगा.” मॅडमनी सुशीलाबाईकडे वळून तोच निरोप तसाच दिला, ‘जरा’सकट. आणि सर्जनसाहेब पुढच्या खाटेकडे गेल्यावर त्याच सुशीलाबाईला त्यांनी लिननच्या खोलीत नेऊन अशी झापली की ती बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. डॉक्टरने आयाला थेट बोलायचं नाही, हा मॅडमचा दुसरा नियम. शिडीची एकही पायरी कुणी गाळायची नाही. मॅडमना समानता नको होती, त्यांना नीट बांधलेली शिडी हवी होती. आणि त्या शिडीवर आपली पायरी कुठली, हे सगळ्यांनी मोठ्याने म्हणायला हवं होतं.

याचं मूळ एकदाच त्यांच्या तोंडून ऐकलं. दुपारची वेळ होती, वॉर्ड झोपला होता, आणि मी मुद्दामच विचारलं की मॅडम, तुम्हाला पदाचं इतकं का?

त्या उमरेडच्या. घर विणकरांचं. आता त्या घरातलं कुणी मागावर बसत नाही, भाऊ मोबाइल दुरुस्त करतो, पण त्यांच्या लहानपणी घरात हातमाग होता.

“बाप माग चालवे. माय सूत उकले, खळ देये, धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरे. उजाडल्यापासून कांड्याच भरे. माय कांडी न भरन तर बापाचा माग तसाच उभा. व्यापारी येये लुगडे पाहाले. विचारे, कोनं इनलं? बाप म्हने, मी. खोटं नव्हता बोलत बाप. इननारा तोच होता.” मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “माग चालवते त्याले विणकर म्हनते. आन् कांड्या भरनारीले काय म्हनते, सांग बरं?”

मला सुचेना.

“काहीच नाही म्हनत. नावच नाही तिले. मले ठाऊक असतं तर तुले विचारलं असतं काय?”

त्यानंतर त्या उठून औषधांच्या ट्रॉलीवर खेकसायला गेल्या.

हॉस्पिटलचे मालक, म्हातारे डॉक्टर, होते तोवर हे सगळं खपून गेलं. ते मॅडमना वचकून असत. पुढे त्यांनी काम सोडलं आणि त्यांचे चिरंजीव डायरेक्टर झाले. चिरंजीव भला माणूस, हे मी आजही म्हणेन. बाहेर शिकून आलेले, हसतमुख, कुणाच्याही खांद्यावर हात टाकणारे. त्यांनी आल्या आल्या सगळ्यांची सभा घेतली आणि सांगितलं की आजपासून इथे कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही, आपण सगळे एक परिवार. पदांच्या पाट्या निघाल्या. सगळ्यांना छातीवर लावायला पहिल्या नावाचे बिल्ले मिळाले. स्वतःच्या दारावरची ‘डायरेक्टर’ ही पाटीही त्यांनी काढली आणि नुसतं नाव लावलं. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच वाजवल्या. माझ्या वडिलांना हा माणूस फार आवडला असता.

पाटी काढल्यावर त्यांना लोक काय म्हणू लागले? सर. आधी डायरेक्टर सर म्हणायचे, आता नुसतं सर. आणि बायांच्या बिल्ल्यावर पहिली नावं आली, त्यांच्यापुढे ताई लागलं, ज्यांचे केस पांढरे त्यांच्यापुढे मावशी. औषधाच्या खिडकीतला मुलगा मात्र सरच राहिला. त्याच्या बिल्ल्यावर नाव होतं, पण ते कुणी वाचलंच नाही.

मॅडमच्या दारावरची ‘मेट्रन’ ही पाटी काढायला माणूस आला तेव्हा त्या दारात खुर्ची टाकून बसल्या. शेवटी डायरेक्टर स्वतः आले.

“मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहेच. तो काय पाटीमुळे आहे का? अहो, पदनावात काय आहे?”

“काहीच नाही ना सर?”

“काहीच नाही!”

“मग राहू द्या. काहीच नाही, तं त्याचं वजन होत नसन दाराले.”

डायरेक्टर मनापासून हसले. त्यांना विनोदबुद्धी होती. पाटी मात्र रविवारी निघाली, मॅडमच्या सुट्टीच्या दिवशी. सोमवारी त्या आल्या, दाराकडे बघितलं आणि आत गेल्या. दारावर चार खिळ्यांची भोकं राहिली होती. मला वाटलं आता रणकंदन होईल. झालं नाही. त्या दिवसापासून फोन उचलला की ‘हॅलो’च्या जागी ‘मेट्रन’ म्हणू लागल्या, एवढंच. त्यांच्या बहिणीचा फोन असला तरी.

नव्या राज्यात आयांसाठी बाक आला. चांगला, पाठ टेकायचा, वॉर्डाच्या दारापाशी. सुशीलाबाई पहिल्या दिवशी त्यावर बसली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते बघून मी मनातल्या मनात मॅडमवर मात केली. डॉक्टरांनी आयांशी बोलायला आता मधे कुणी लागत नव्हतं, परिवारात कसली आलीये परवानगी? त्यामुळे दुसऱ्याच आठवड्यात सर्जनसाहेब राउंडला आले आणि बाकासमोर थांबून म्हणाले, “वा! महाराण्यांचा दरबार भरला वाटतं.” आणि मग पुष्कळ वेळ बोलले. आधीचं साठलेलंही त्यात होतं. सुशीलाबाई उठून उभी राहिली. मॅडम आपल्या खोलीच्या दारात होत्या. त्या पुढे आल्या, ‘सर, ही माझी बाई’ एवढं म्हणाल्या, आणि सर्जनसाहेब सहज म्हणाले, “मावशी, तुम्ही नका मधे पडू. आपण सगळे सारखेच ना आता?”

मॅडम तिथेच थांबल्या. त्यांना असं उत्तर न देता थांबलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवलं नाही. बाक अजून तिथेच आहे. त्यावर पेशंटच्या पिशव्या असतात. आया आपणहून बसेनाशा झाल्या.

याचा वचपा मॅडमनी काढला तो गच्चीवरच्या जेवणात. थंडीचे दिवस होते. डायरेक्टरांच्या मनात आलं की सगळ्या परिवाराने एका पंगतीत, जमिनीवर, मांडीला मांडी लावून जेवायचं. निखाऱ्यावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. स्वयंपाकी सांगितले होते, वाढपी मुद्दाम सांगितले नव्हते. आपणच एकमेकांना वाढू, त्यातच तर मजा, असं डायरेक्टर म्हणाले. सर्जनापासून सुशीलाबाईपर्यंत सगळे एका ओळीत बसले. मॅडमचे गुडघे गेलेले, त्या दोघींच्या आधाराने बसल्या. पत्रावळी मांडल्या गेल्या, मीठ-लिंबू आलं, आणि मग आम्ही नर्सा आणि आया, कुणी काही न सांगता, उठू लागलो. मी तर एक गुडघा वर घेतलाही होता.

“बसा,” मॅडम म्हणाल्या.

आम्ही बसलो. पातेल्यांतून वाफ निघत होती. सर्जनसाहेब रिकाम्या पत्रावळीकडे एक्स-रे बघावा तसे बघत होते. औषधाच्या खिडकीतले सर मोबाइल काढून बसले.

“अरे, सुरू करा ना मंडळी!” डायरेक्टर म्हणाले.

“करा ना सर,” मॅडम म्हणाल्या, “आपन सारेच सारखे आहो. कोनीही उठा.”

कुणीही म्हणजे कोण, हे ठरेना. भात निवत चालला. शेवटी डायरेक्टरच उठले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. मग नाइलाजाने सर्जनसाहेब उठले, मग बाकीचे सर. त्यांनी वाढलं ते बघण्यासारखं होतं. वरण आधी आलं आणि भात मागून, तोवर वरण पत्रावळीतून निघून गच्चीच्या उताराला लागलं होतं. एकाने तुपाची धार धरली ती थांबवायची कशी हे त्याला माहीत नव्हतं. सर्जनसाहेब रोडग्याची टोपली घेऊन सुशीलाबाईसमोर वाकले तेव्हा ती दचकून उठायलाच लागली. मॅडमनी शेजारून तिचा गुडघा दाबून धरला आणि म्हणाल्या, “सर, तिले दोन वाढा. आन् जरा कुस्करून द्या.”

मॅडम त्या दिवशी पोटभर जेवल्या. सुशीलाबाई जेवली नाही. मला नंतर म्हणाली, “सिस्टर, घासच उतरत नव्हता वं. कोन्या जन्मीचं पाप लागन असं वाटून राहिलं होतं.” पुढच्या वर्षी वाढपी सांगितले.

मॅडमची निवृत्ती जवळ आली तेव्हा गंमत झाली. हॉस्पिटलला कसलंसं मानांकन हवं होतं आणि त्यासाठी तपासायला येणाऱ्या लोकांना परिवार वगैरे चालत नव्हता. नर्सिंगचा प्रमुख कोण, हे त्यांना पदासकट हवं होतं. म्हणजे जी पाटी काढली ती, नाव बदलून, पुन्हा लावायची पाळी आली. डायरेक्टरांनी मॅडमना बोलावलं आणि सांगितलं, तुमच्या नंतर कोण, ते तुम्हीच ठरवा.

त्यात ठरवायचं काय होतं? सगळ्या वॉर्डाने ते ठरवलंच होतं. मी सगळ्यांत जुनी, मॅडमच्या हाताखाली घडलेली, त्यांच्या गुडघ्यांमुळे त्यांची निम्मी कामं गेली कित्येक वर्षं मीच करत होते. सुशीलाबाईने तर मला आगाऊच ‘मेट्रन मॅडम’ म्हणायला सुरुवात केली होती. आणि खरं सांगते, मला ते आवडलं. समानतेच्या घरात वाढलेली मी, पण त्या हाकेने पाठ आपोआप ताठ झाली. मला ते पद हवं होतं, अगदी मनापासून.

मॅडमनी आमच्या ब्रदरचं नाव दिलं.

ब्रदर म्हणजे आमच्याकडचा पुरुष नर्स. माझ्यामागून लागलेला. सलाइनची सुई त्याच्या हातात पहिल्यांदा मी दिली होती. मुलगा गुणी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बातमी कळल्यावर तो संत्रा बर्फी घेऊन माझ्याकडेच आला आणि ओशाळून म्हणाला, “ताई, मले तं काही समजतच नाही यातलं. तुम्ही आहात म्हनून टेन्शन नाही.” मी बर्फी खाल्ली. काय करणार?

त्या संध्याकाळी मी तडक नंदनवन वस्तीत मॅडमच्या घरी गेले. इतक्या वर्षांत त्यांनी घरी कधी बोलावलं नव्हतं, पत्ता मी सुशीलाबाईकडून घेतला. दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघरात त्यांचे यजमान, एक किडकिडीत गृहस्थ, पंच्याला हात पुसत पोळ्या लाटत होते, आणि मॅडम घरातल्या साध्या साडीत खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या. मला बघताच त्या धडपडत उठल्या आणि स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेतला.

“ते... पानी प्याले गेले आत,” त्या म्हणाल्या.

पडद्यामागून लाटण्याचा आवाज येत होता, तो थांबला. मला एरवी हसू आलं असतं. यजमान कामाला होते ती सूतगिरणी कधीची बंद पडली होती हे मला माहीत होतं, पण घरची पोळी कोण लाटतं हे मॅडमनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मोहल्ल्यात त्यांचा मान जाईल, म्हणून. स्वतःच्या बशीसाठी महिनाभर चहा सोडणारी बाई नवऱ्याचा मान पडद्यामागे झाकून होती.

“मॅडम, मी काय कमी केलं?” मी उभ्या उभ्याच विचारलं.

“काही कमी नाही केलं. बस.”

“मला बसायचं नाही. त्याला काही येत नाही हे तुम्हालाही माहीत आहे.”

“हाव. तू शिकवशीन त्याले.”

“मग मी का नाही?”

त्या खाटेवर बसल्या. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “त्याले उद्यापासून सारे सर म्हनतीन. सर्जनसाहेबही म्हनतीन. त्यानं काही न करता. त्यानं म्हटलं, बाईले बोलू नोका, तं नाही बोलनार कोनी. तुले ताई म्हनतीन. आन् पांढरे केस आले की काय म्हनतीन ते तुले ठाऊक आहे. मंग तू रोज सकाळी उठून त्यायले सांगत बस, मी कोन आहे ते. रोज. सुट्टी नाही त्याले. मी आयुष्यभर तेच केलं. दुसरं काही केलंच नाही, पाहाले गेलं तं. मी थकली वं. तुले काहून लावू त्या कामाले?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचं म्हणणं कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच राग जास्त येत होता. बादलीवरून सर्जनसाहेबांना अडवणारी बाई, पंगतीत आम्हाला ‘बसा’ म्हणणारी बाई, तिने शेवटी बघून बघून पुरुष निवडला, कारण त्याला मान स्वस्तात पडतो.

“मला विचारायचं तरी,” मी म्हटलं. “मला थकायचं होतं, मॅडम.”

पडद्यामागून यजमान चहा घेऊन आले, दोन कपबशा. मी चहा न घेताच निघाले. मॅडम माझ्यामागे दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “जाय मंग. डायरेक्टरले सांग. म्हनाव, मेट्रन चुकली.”

सकाळी मी गेले. डायरेक्टरांनी मला बसायला खुर्ची दिली, माझ्यासाठी चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, मी भांडायला आलेली नाही, माझं काम बघा आणि ठरवा. ते मनापासून कळवळले. तुमच्याशिवाय हॉस्पिटल चालत नाही ताई, असं दोनदा म्हणाले. मग हात जोडून म्हणाले, “पण शब्द मॅडमचा आहे. मी तो कसा मोडू? शेवटी त्या आमच्या मेट्रन आहेत.”

मी बाहेर आले. वॉर्डाच्या दारात सर्जनसाहेब आमच्या ब्रदरशी बोलत उभे होते. कुठल्याशा आयाची तक्रार होती, पण आवाज अगदी खालचा. “जरा बघून घ्या सर,” एवढंच ते म्हणाले. ब्रदरने मान हलवली. मॅडमचा अंदाज तंतोतंत खरा ठरला होता, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

मॅडम अजून आल्या नव्हत्या, म्हणून लिननच्या खोलीत जाऊन मी त्यांना फोन लावला.

“मेट्रन,” पलीकडून आवाज आला.

“मॅडम, नाही म्हणाले ते. म्हणाले, शब्द तुमचा आहे, मोडता येत नाही. म्हणाले, शेवटी त्या आमच्या मेट्रन आहेत.”

पलीकडून त्यांचा आवाज आला, कधी ऐकला नव्हता इतका हळू.

“काय म्हनाले ते? पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं.